बी एकट्याचं, चर गावाचा

निफाड तालुक्यात आमच्या मामांची अडीच एकर द्राक्षबाग आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी होऊन वेली बोडक्या झाल्या की बोदावर, म्हणजे वेलींखालच्या मातीच्या उंच ओळीवर, ऊन पडतं, आणि ड्रीपरपासून वीतभर अंतरावर दोन्ही बाजूंना एक पांढरट रेघ दिसायला लागते. बोटावर घेऊन जिभेला लावली तर खारट, मागून कडवट. मामा म्हणतात, "मीठ फुटलं." शेजारच्या बागेतही फुटतं, त्याच्या पलीकडच्या बागेत तर गाडीवाटेपर्यंत आलंय. त्याचं कुणाला फारसं काही वाटत नाही. पानांच्या कडा करपल्या की मात्र धावपळ सुरू होते, आणि मग जो तो एकच वाक्य बोलतो: पांढरी मुळी (अन्न-पाणी ओढणारी कोवळी मुळं) चालत नाही.

मे २०२५ मध्ये दिल्लीत जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर झाले. त्यातला 'पुसा डीएसटी राइस १' खारवट आणि चोपण (सोडियमने घट्ट झालेल्या) जमिनीत टिकणारा. सरकारी निवेदनात अशा जमिनींत ९.६६ ते ३०.४ टक्के जादा उत्पादनाचा दावा होता. त्यावर पुढे जीएम म्हणजे जनुकबदल केलेल्या पिकांना विरोध करणाऱ्या संघटनांनी आक्षेपही घेतले. मामांनी बातमी वाचून मला फोन केला. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, म्हणून असे फोन मलाच येतात. त्यांचा प्रश्न सरळ होता: "द्राक्षात कधी येणार रे हे?"

मला त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नव्हतं, त्याच्या आधीचा प्रश्न त्यांना विचारायचा होता. वेलीने मीठ सहन केलं, तरी ते मीठ जाणार कुठे? जनुकांवरच्या सगळ्या वादात हा प्रश्न मला कुठेच ऐकू येत नाही. जीएम हवं म्हणणारे तो विचारत नाहीत, नको म्हणणारेही विचारत नाहीत.

आधी झाड काय करतं ते बघू, कारण ते फार देखणं आहे आणि शेतकऱ्याला कुणी नीट सांगत नाही. मुळाच्या टोकाला मीठ लागलं की काही सेकंदांत पेशींमधलं कॅल्शियम उसळतं आणि त्याची लाट मुळातून वर निघते. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस नावाच्या रोपट्यात २०१४ साली ही लाट मोजली गेली, तेव्हा वेग भरला सेकंदाला सुमारे ०.४ मिलिमीटर. म्हणजे वीतभर अंतर आठ-नऊ मिनिटांत. मुळाशी काय झालं हे शेंड्याला आपल्या देठ परीक्षणाचा अहवाल येण्याच्या कितीतरी आधी कळतं.

त्या कॅल्शियमची नोंद घेणारं एक प्रथिन आहे, एसओएस३. ते एसओएस२ ला जागं करतं, आणि एसओएस२ पेशीच्या वेशीवर बसलेल्या एसओएस१ ला कामाला लावतं. एसओएस१ हा पंप. आत आलेलं सोडियम तो बाहेर फेकतो. ही साखळी जियान-कांग झू यांच्या गटाने साधारण २००० च्या आसपास उलगडली. नाव वाचून जहाजावरची हाक आठवते, पण हे जनुक बिघडलेली रोपं मिठाला अतिसंवेदनशील होतात म्हणून 'सॉल्ट ओव्हरली सेन्सिटिव्ह'. त्याची आद्याक्षरं जुळून आली, एवढंच.

मला यातला सगळ्यात आवडणारा भाग पुढे आहे. मीठ नसताना एसओएस२ मोकळं नसतं. त्याला धरून ठेवणाऱ्यांत जायगँटिया नावाचं एक प्रथिन असतं, आणि याच जायगँटियाचं दुसरं काम म्हणजे दिवसाची लांबी बघून फुलोऱ्याची वेळ साधणं. मीठ वाढलं की जायगँटिया मोडून टाकलं जातं, एसओएस२ सुटतं आणि पंप चालू होतो. पण जायगँटिया गेलं म्हणजे फुलोराही लांबतो. एकाच माणसाकडे तिजोरीची किल्ली आणि लग्नाचा मुहूर्त दोन्ही दिल्यासारखं आहे हे. संकट आलं की मुहूर्त पुढे जातो. हे अरॅबिडॉप्सिसमधलं झालं. द्राक्षाच्या वेलीत घड काडीतल्या डोळ्यांत महिनोन्महिने आधी ठरतो, तिथलं गणित वेगळं आहे. पण मिठाशी झुंज आणि फळधारणा हे दोन वेगळे हिशेब नसतात, हे बागाईतदाराला अनुभवाने माहीत असतंच.

पंप चुकवून काही सोडियम मुळातून रसवाहिनीत शिरतंच. तिथे दुसरी चौकी आहे: एचकेटी कुळातली प्रथिनं. ती रसातलं सोडियम परत ओढून मुळातच ठेवतात, पानापर्यंत जाऊ देत नाहीत. बंगालकडच्या 'नोना बोकरा' या खारपट्टीतल्या भातात असं जनुक सापडल्याचं २००५ साली प्रसिद्ध झालं. २०१२ साली ऑस्ट्रेलियात ड्युरम गव्हात एका रानटी नातेवाइकाचं याच कुळातलं जनुक साध्या संकराने आणलं गेलं, आणि खारवट शेतात उत्पादन २५ टक्क्यांपर्यंत वाढलं. द्राक्षाच्या खुंटांमध्येही (ज्या मुळांवर वेलीचं कलम करतात ते) पानात सोडियम कमी-जास्त का जातं याचं बरंचसं उत्तर एचकेटी१;१ या जनुकाच्या वेगवेगळ्या रूपांत आहे, हेही ऑस्ट्रेलियातल्याच संशोधनाने दाखवलं.

इथे मामांच्या प्रश्नाचं एक उत्तर निघतं, आणि ते त्यांना आवडलं नाही. द्राक्षात हे कधी येणार? एका अर्थाने ते केव्हाच आलंय. नाशिकच्या बागा आज ज्या 'डॉगरिज'वर उभ्या आहेत तो टेक्सासमधल्या रानवेलीच्या कुळातला खुंट. दुष्काळ आणि खारं पाणी यांच्यासाठीच तो आपण घेतला. वर थॉम्पसन द्राक्ष, खाली टेक्सास. प्रयोगशाळेत कुणी काही कापलं-जोडलं नाही, कलम केलं. पण तर्क तोच: मीठ सोसणारी जनुकं मुळाशी बसवायची. म्हणजे आपल्याला जे उद्या येणार असं वाटतंय त्याचा तीसेक वर्षांचा अनुभव याच जिल्ह्याच्या गाठीशी आहे. तो अनुभव काय सांगतो?

खुंट आला म्हणून बागा वाचल्या, हे आधी मान्य करू. स्वमुळावरच्या बागा ज्या पाण्यावर गेल्या असत्या त्या पाण्यावर खुंटाच्या बागा उभ्या राहिल्या. म्हणूनच मग आपण आणखी वाईट पाणी द्यायला लागलो. विहीर आटली, बोअर घेतला. दोनशे फुटांचा गेला, पाचशे फुटांचा घेतला. पाणी खोल गेलं तसा अनेक ठिकाणी ईसी, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं माप, वाढला. खुंट सोसतोय तोवर कोण बघतो?

आता साधा हिशेब. पाण्याचा ईसी १.५ असेल तर लिटरमागे साधारण एक ग्रॅम विरघळलेले क्षार असतात. एका एकराला वर्षभरात समजा २० लाख लिटर पाणी दिलं, तर सुमारे दोन टन क्षार जमिनीत गेले. पन्नास किलोची चाळीस पोती. हे सगळं खायचं मीठ नव्हे. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेटही आले, आणि काहींचा मातीतच चुना होऊन बसतो. तरीही चाळीस पोती. मामांच्या अडीच एकरांत दरवर्षी शंभर पोती पोकळ नळीतून, एकही हमाल न लावता, आत येतात. झाड पाणी पितं आणि पानातून हवेत सोडतं. क्षार मात्र ते शक्य तितके मुळाबाहेर ठेवतं, कारण एसओएस१ आणि एचकेटी यांचं कामच ते. जनुक जितकं चांगलं, तितकी वेल निर्धास्त आणि तितकंच मीठ बोदात.

म्हणजे सहनशील खुंट जमिनीतलं मीठ कमी करत नाही, ते दिसण्याची वेळ पुढे ढकलतो. पूर्वी कांद्याची पात तिसऱ्या वर्षी सांगायची ते आता डॉगरिज पंधराव्या वर्षी सांगतो. तोवर बाग काढून कांदा किंवा टोमॅटो करायचं ठरवलं तर? मातीच्या संपृक्त अर्काचा ईसी १.२ च्या वर गेला की कांद्याचं उत्पादन घटायला लागतं, आणि पुढच्या प्रत्येक एककाला सुमारे १६ टक्के घट. द्राक्षाची मर्यादा १.५, टोमॅटोची २.५. जव आठपर्यंत तग धरतं, पण निफाडात जव कोण करणार! नाशिकने नेमकी तीच पिकं निवडली आहेत ज्यांना मीठ सोसत नाही. आणि कांद्याचा जनुकसंच माणसाच्या पाचपट मोठा आहे. त्यात हवं ते जनुक शोधणं म्हणजे लासलगावच्या मार्केटात आपलीच गोणी शोधणं.

या सगळ्यावर एक उत्तर नेहमी येतं: मग जनुक आणखी जोरात चालवा. तेही करून पाहिलंय. १९९९ साली जपानमध्ये अरॅबिडॉप्सिसमधलं डीआरईबी१ए हे नियंत्रक जनुक सतत चालू राहील असं बसवलं गेलं. रोपं दुष्काळ, मीठ, गारठा सगळं सोसू लागली, आणि खुजी राहिली. मग तेच जनुक ताण आल्यावरच चालू होणाऱ्या कळीला जोडलं, तेव्हा वाढ बरीचशी सुधारली. पुसाच्या भातात तर जनुक घातलेलं नाही, मोडलेलं आहे. ते डीएसटी नावाचं जनुक पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची बारीक छिद्रं, मोकळी ठेवण्याच्या बाजूचं. ते बंद पाडलं की पानावरची रंध्रं कमी होतात, पाणी कमी ओढलं जातं आणि त्याबरोबर मीठही कमी येतं. युक्ती हुशार आहे. पण रंध्रातून पाणी जातं तसा कार्बन डायऑक्साइड आत येतो, पान थंड राहतं. झाडाने ते जनुक लाखो वर्षं सांभाळलं ते काही विसरभोळेपणाने नाही. ही किंमत कोणत्या हंगामात, कोणत्या जमिनीत किती पडते, हे प्रत्येक ठिकाणी मोजावंच लागेल.

मी जनुक-संपादनाच्या विरोधात नाही. १९८० च्या कांदा-ऊस आंदोलनाच्या या जिल्ह्यात, शरद जोशींचं तंत्रज्ञान-स्वातंत्र्याचं म्हणणं ऐकत मी वाढलो, आणि शेतकऱ्याला काय पेरायचं ते ठरवू द्यावं हे मला आजही पटतं. मार्च २०२२ मध्ये केंद्राने परकं जनुक न घालता केलेल्या संपादनाला जीएमच्या जाचक नियमांतून वगळलं, ते योग्यच झालं. भाताच्या रोपात त्याचंच एक जनुक बंद पाडलं म्हणून माझं पोट बिघडेल अशी भीती मला वाटत नाही. मला भीती वाटते ती वाण आला म्हणून निचऱ्याची फाइल बंद होण्याची.

वाण आणि निचरा हे दोन्ही एकत्र कसं चालतं ते बघायला कर्नालच्या मृदा लवणता संस्थेत जायची गरज नाही, केरळात जा. एर्नाकुलम, आलप्पुळा, त्रिशूरच्या किनाऱ्यावरचा पोक्काळी भात जगभरच्या खारसहनशील भातांच्या पैदाशीत वापरला गेला आहे. 'सॉल्टॉल' नावाचा जनुकपट्टा त्याच्याचमुळे गाजला. पण पोक्काळीचा शेतकरी नुसतं बी टाकून जनुकाच्या भरवशावर बसत नाही. उन्हाळ्यात तो शेतात मातीचे ढीग रचतो. पहिल्या सरी त्या ढिगांवर पडतात, मीठ धुऊन खाली जातं, ओहोटीला बांधाची दारं उघडून पाणी खाडीत सोडलं जातं. मग धुतलेल्या ढिगांवर मोड आलेलं बी पडतं, रोपं उभी राहिली की ढीग मोडून सगळीकडे पसरतात. कापणीनंतर समुद्राचं पाणी परत आत घेतात आणि कोळंबी वाढवतात. म्हणजे वर्षातून एकदा मीठ आत येतं, एकदा बाहेर जातं. जनुकाच्या वाट्याला येतं ते फक्त मधलं उरलंसुरलं मीठ. आपल्या कोकणातल्या खारेपाटातही तेच: बांध, उघाडी (पाणी सोडायचं दार), पावसाचं पाणी आणि राता भात. बांध फुटला की राताही हात टेकतो.

आणि बांध हा काही एकट्याचा नसतो. खारभूमीत उघाडी कधी उघडायची हे सगळ्यांनी मिळून ठरवावं लागतं. इथेच माझ्या म्हणण्याची गाठ आहे. बी किंवा खुंट ही एकट्याने विकत घेता येणारी वस्तू आहे: दुकानात गेलो, पैसे दिले, घेऊन आलो. निचऱ्याचा चर तसा घेता येत नाही. माझ्या शेतातलं खारं पाणी नाल्यापर्यंत न्यायचं तर खालच्या पाच गटांतून न्यावं लागतं. त्यातला एक भाऊबंदकीत अडकलेला, एकाने चर बुजवून रस्ता केलेला, एकाचा मुलगा पुण्यात. सरकारलाही ड्रिपचं अनुदान देणं सोपं जातं, कारण त्याला एक सातबारा, एक बिल, एक फोटो पुरतो. चराला सहा सातबारे लागतात आणि सहा सह्या. म्हणून सगळ्यांना जनुक आवडतं: कंपनीला, खात्याला, वर्तमानपत्राला, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही. बंद पाकिटातल्या उपायासाठी शेजाऱ्याचं तोंड बघावं लागत नाही.

महाराष्ट्रात हा धडा नवा नाही. नीरा, प्रवरा, गोदावरीच्या कालव्यांखाली जमिनी पाणथळ आणि खारवट होतात हे इंग्रज अभियंत्यांना शंभर वर्षांपूर्वीच कळलं होतं. केंद्रीय मृदा लवणता संस्थेच्या आकड्यांनुसार देशात ६७ लाख हेक्टरांहून अधिक आणि महाराष्ट्रात ६ लाख हेक्टरांच्या आसपास जमीन क्षारपड आहे. शिरोळ तालुक्यात ऊस पिकवणाऱ्यांनी जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून पाणी बाहेर काढलं, तेव्हा तिथे वर्षानुवर्षं पडीक राहिलेल्या जमिनीत पुन्हा ऊस उभा राहिला. तिथेही कळीची गोष्ट पाइप नव्हता. शेकडो खातेदारांनी एकत्र येऊन मुख्य नळीला वाट दिली, ती होती.

नाशिकच्या काळ्या जमिनीत काम आणखी अवघड आहे. चिकणमाती, खाली चुनखडी, पाणी मुरायला आठवडे. चोपण जमीन असेल तर नुसतं पाणी सोडून भागत नाही. आधी जिप्सम टाकून सोडियम सुटं करावं लागतं, ताग-धैंचा गाडून माती मोकळी करावी लागते, आणि मग ते धुऊन न्यायला वाट लागते. वाट नसेल तर जिप्सम म्हणजे कचरा एका खोलीतून झाडून दुसऱ्या खोलीत नेणं.

एक बारीक गोष्ट सांगतो, कारण ती कुणी सांगत नाही. ड्रिपच्या पाण्याने मीठ ओल्या गोळ्याच्या कडेला ढकललेलं असतं, तीच ती पांढरी रेघ. पहिला हलका पाऊस पडला की शेतकरी आनंदाने ड्रिप बंद करतो. ते पाणी कडेचं मीठ उचलून थेट मुळ्यांकडे आणतं. नेमकं तेव्हा ड्रिप चालू ठेवायला हवं, म्हणजे मुळ्यांकडून बाहेर वाहणारा प्रवाह टिकतो. चांगला दणकून पाऊस होईपर्यंत पावसात ड्रिप! मी हे मामांना सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे असे बघत राहिले की मला माझ्या पदव्यांची शंका आली. गेल्या जूनमध्ये त्यांनी तसं केलं. गाडीवाटेने जाणारा प्रत्येक जण थांबून "मोटर चालू राहिली वाटतं" असं सांगून गेला.

मागणी मोठी नाही. कोणताही खारसहनशील वाण किंवा खुंट शिफारशीत घेताना फक्त उत्पादनाचा आकडा पुरे मानू नये. त्याच शेताच्या एक, दोन आणि तीन फुटांवरच्या मातीचा ईसी लागवडीच्या वेळी किती होता आणि पाच वर्षांनी किती झाला, हे त्याच कागदावर छापावं. बोअरच्या पाण्याचा ईसी ड्रिपच्या अनुदान अर्जावर लिहावा, आणि तो ठरावीक आकड्याच्या वर असेल तर अनुदान निचऱ्यासह द्यावं, निचऱ्याशिवाय नाही. आणि चर हा पाणंद रस्त्यासारखा गावनकाशावर यावा. पाणंद अडवली की तहसीलदाराकडे जाता येतं, तसंच चर बुजवला तरी सहज जाता यावं.

यावर कुणी म्हणेल, दोन-अडीच एकरांच्या माणसाकडून एवढ्या गोष्टींची अपेक्षा कशी करता? बरोबर आहे, एकट्याकडून नाहीच करत. पण एकट्याला झेपतं म्हणून जनुकच द्यायचं, असं ठरवलं तर पंधरा वर्षांनी त्याच्याकडे उत्तम जनुकं असतील आणि जमीन नसेल. ज्या ठिकाणी समुद्रच आत येतो तिथली गोष्ट निराळी. तिथे मीठ थांबवता येत नाही, वाण हाच मुख्य आधार, आणि पुसाचा भात तिथे खरा उतरला तर मी पहिला टाळ्या वाजवीन. निफाडात समुद्र येत नाही. इथलं बरंचसं मीठ आपणच पंपाने वर काढून टाकतो.

मामांनी या वर्षी तीन फुटांवरची माती तपासायला दिली. वरच्या फुटाचा ईसी ०.९, तिसऱ्या फुटाचा २.८. अहवाल हातात धरून ते बराच वेळ बांधावर उभे होते. मग चर कुठून काढायचा ते त्यांनी पावलांनी मोजलं: त्यांच्या हद्दीपर्यंत एकशे चाळीस पावलं, पुढे नाल्यापर्यंत साधारण तीनशे. त्या तीनशे पावलांचा गट ज्याच्या नावावर आहे तो बारा वर्षांपूर्वी गाव सोडून गेला. त्याचा नंबर कुणाकडून तरी मिळाला आहे, पण अजून लागलेला नाही.